सातबाऱ्यावरची शकू

।। श्री नागनाथ प्रसन्न ।।

हिवरखेडी, ता. औंढा नागनाथ
दि. २७ ऑक्टोबर २०२५

तीर्थस्वरूप गं. भा. आक्का हिस,
धाकटा भाऊ रामकिशन याचा शि. सा. न. वि. वि.

तू गोरेगावला सुखरूप पोचलीस हे राणीच्या फोनवरून कळलं. फोनवर मी नीट बोललो नाही त्याचा राग धरू नको. तुमच्या घरात फोन सुनेच्या हातात असतो, आणि तिच्याकडून प्रत्येक गोष्ट रात्रीच्या आत पुण्याला माऊलीच्या कानावर जाते. मला जे सांगायचं आहे ते तुझ्या लेकापर्यंत इतक्यात जायला नको. म्हणून पत्र. खरं तर भाऊबीजेलाच बोलणार होतो. तू ओवाळायला ताट उचललंस आणि माझं तोंड उघडलं नाही.

ओढ्याकाठचं रान तू बांधावरून बघितलंस. मी तुला मुद्दाम आत नेलं नाही. वरून नुसता चिखल वाळल्यासारखा दिसतो, पण पाऊल टाकलं की खाली मुरूम लागतो. माती राहिलीच नाही. सोयाबीन गेलं त्याचं एवढं वाटत नाही, एका हंगामाचं दुःख दुसऱ्या हंगामात विसरता येतं. पण बापूंनी जन्मभर शेणखत टाकून जी जमीन केली, ती सप्टेंबरातल्या पुरात एका दुपारी खाली नदीला गेली.

सरकारनं खरडून गेलेल्या जमिनीला वेगळं अनुदान लावलं आहे. पंचनामा झाला, फोटो झाले, यादीत आपलं शेत आलं. ते पैसे उन्हाळ्यात मिळाले तर तलावातला गाळ आणून मृगाआधी पसरता येईल. नाही मिळाले तर पुढच्या पावसात मुरूमही वाहील आणि खडक उरेल. आपल्याला दुसरं रान नाही, हे तुला सांगायला नको.

अडचण अशी आहे. बापू गेल्यावर सातबाऱ्यावर माय, मी आणि तू अशी तिघांची नावं लागली. तिथे तू शकू मारोती आहेस. आधारवर तू मनकर्णा विठ्ठल. लग्नात दाजींनी परातीतल्या तांदळात अंगठीनं नवं नाव काढलं, आपण साखर वाटली, विषय संपला. कुठे लिहून ठेवावं असं कोणाला वाटलं नाही. आता कॉम्प्युटर म्हणतो, शकू मारोती नावाची बाई कुठेच सापडत नाही. तिघांनाही शेतकरी ओळख क्रमांक लागल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. तुला हक्कसोड करून दे म्हणालो असतो, पण त्यालाही तूच शकू आहेस हे आधी सिद्ध करावं लागतं. शाळेत दाखला काढायला गेलो तर तुझ्या वर्षाचं रजिस्टर वाळवीनं खाल्लेलं. राजपत्रात नाव छापून आणायचं तर तोवर यादी बंद होईल.

सेतूवाला म्हणाला, मामा, एकच रस्ता आहे. शकू मारोती लग्नाआधीच मयत झाली, मागे वारस नाही, असं शपथपत्र करा आणि खाली गावातल्या पाच जणांच्या सह्या घ्या, नाव निघून जाईल. रेशनकार्डावरचा पत्ता बदलायचा असावा इतक्या सहज तो हे बोलला. वर म्हणाला, त्या नावानं तसंही कोणी जितं नाही.

आक्का, मी त्याला हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. आज सोमवार, देवळात जाऊन आलो आणि लिहायला बसलो. तू सांगशील तसं करीन. तू नको म्हणालीस तर रान पडू देईन आणि हा विषय पुन्हा काढणार नाही.

माय बरी आहे. कान पूर्ण गेले, डोळ्यांपुढे धूर असतो, पण भूक चांगली आहे. तू आणलेले लाडू उशाखाली ठेवते आणि मालनला मुंग्यांचा त्रास होतो.

तुझ्या भावजयीचा, मालनचा नमस्कार. भावावरची माया आहे तेवढी राहू द्यावी.

तुझा
रामकिशन

*

गोरेगाव, ता. सेनगाव
दि. ५ नोव्हेंबर २०२५

चि. रामकिशन यास,
आक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. पोस्टमननं ते राणीच्या हातात दिलं. तिनं विचारलं, मामाजीनं काय लिहिलं? मी म्हणले, बैलाचं दुखणं लिहिलं. आपल्याकडं बैल राहिला न्हाई हे तिला ठाऊक न्हाई, म्हणून बरं.

मारायच्या आधी विचारलंस, चांगलं केलंस. न्हाईतर मेलेल्या बाईला कोण विचारतं? फक्त मी कशानं मेले ते मला कळव. कावीळ लिहू नको, काविळीला मी लहानपणापासून भिते. साप बी नको. तापानं मेली असं लिही, त्यात कोणाचा दोष न्हाई. आणि लग्नाआधीच मेले म्हणतोस, तर मग माऊली कोणाचा? पोरगा फॅक्टरीत जाऊन राहिला, त्याला पगार मिळून राहिला, आणि त्याची माय चौदाव्या वर्षी वारली. तुझ्या सेतूवाल्याला म्हणावं याचाबी हिशोब लाव.

चेष्टा करून घेतली. आता खरं सांगते. तुझं पत्र दोन दिवस कनवटीला ठेवून हिंडले. मग भाकरी थापताना वाटलं की शकू म्हणून हाक मारणारी दोनच माणसं उरली, एक माय आणि एक तू. तूबी आक्काच म्हणतोस. बाकी सगळ्या जगाला मी मनकर्णा हाय. त्या कागदावरच्या पोरीचं मी काय लोणचं घालू? बापूची जमीन खडक झाली तर ती शकूला बी न्हाई आणि मनकर्णाला बी न्हाई. लिही. माझी मनापासून परवानगी हाय.

माऊलीला आत्ता सांगू नको. त्याला वाटेल मामानं मायचा हिस्सा खाल्ला. पोरगं मनानं वाईट न्हाई, पण शहरात राहून शंका लवकर येते.

मायला माझ्या नावानं दोन घास जास्त भरव. मालनला आशीर्वाद. आठवण ठेवीत जा.

तुझी
आक्का

*

।। श्री नागनाथ प्रसन्न ।।

हिवरखेडी
दि. २६ नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप गं. भा. आक्का हिस,
रामकिशनचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा हसलो, एकदा हसलो नाही.

कागद झाला. तापच लिहिला. पण तो ज्या वाटेनं झाला ती वाट मी तुला सांगितली पाहिजे.

पहिली सही किशनरावांची हवी होती. ते गावात सगळ्यांत जुने, त्यांच्यामागे बाकीचे चार जण करतात. तुला ते लहानपणी खांद्यावर बसवून औंढ्याच्या जत्रेत न्यायचे. त्यांनी कागद ऐकला आणि म्हणाले, रामकिशन, मी माळकरी माणूस, जित्या लेकीला मेली लिहू कसा? मी उठायला लागलो तर त्यांनी मला बसवलं. म्हणाले, तुझं रान बी डोळ्यानं बघवत न्हाई. एक कर. शकूचा पिंड पाड. औंढ्याला भटाकडून दहाव्याचा विधी करून घे आणि गावाला जेवण घाल. ज्याचा पिंड पडला तो देवाच्या दारी गेला. मग मी खोटं लिहिलं असं नागनाथ मला विचारणार न्हाई. बाकीच्या चौघांनी माना हलवल्या. त्यांनाही तेच हवं होतं, फक्त बोलायला जीभ धजत नव्हती.

मला ते ऐकून हलकं वाटलं, हे तुझ्यापासून लपवत नाही. नुसती लबाडी करण्यापेक्षा रीतीनं केलेली बरी, असं वाटलं. तुझ्या परवानगीत हेही आलं असं मी धरून चाललो. सूतक पाळलं. मिशी काढली. औंढ्याला तळ्यावर विधी केला. भटानं नाव विचारलं, मी शकू सांगितलं. पिंड ठेवून मागे सरलो आणि हात जोडायच्या आत कावळा शिवला. किशनराव म्हणाले, बघ, पोरीची एकही इच्छा राहिली नव्हती. सगळ्यांचे चेहरे मोकळे झाले. तेरवीला गाव जेवलं, आणि ताटावरून उठून पाचही जणांनी सह्या केल्या.

आता जे झालं ते ऐक. मायला आम्ही यातलं काही सांगितलं नव्हतं. सांगणार कसं, तिला ऐकूच येत नाही. औंढ्याहून आल्यावर मी तिच्या पाया पडलो, तसा तिनं सवयीनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. मिशी हाताला लागली नाही. ती थांबली. पुन्हा हात फिरवला. मग तिनं कोण गेलं असं विचारलंच नाही. मी तिच्यासमोर होतो, बापू कधीचे गेलेले, मग राहिलं कोण? तिनं तुझं नाव घेऊन जो हंबरडा फोडला तो ओढ्यापलीकडे ऐकू गेला.

मी मान हलवून नाही नाही केलं. मालननं तिचे हात धरून तुझ्या भाऊबीजेच्या लुगड्यावर ठेवले. मी फोन लावून तिच्या कानाशी धरला, तू तिकडून बोललीस, तुला वाटलं असेल मी सहज फोन दिला. तिला काहीच ऐकू आलं नाही. ती म्हणते, माझा बाप मेला तेव्हाबी तुमी माझ्यापासून तीन दिवस लपवलं होतं. आता लेकीचं लपवू नका. आता ती रडतही नाही. भिंतीकडे तोंड करून पडते. लाडू उशाखालून काढून मालनकडे दिले.

मला वाटलं होतं कागद कागदाच्या जागी राहील. तू मला काय म्हणायचं ते म्हण, पण अबोला धरू नको.

तुझा
रामकिशन

*

गोरेगाव
दि. ३ डिसेंबर २०२५

चि. रामकिशन यास,
आशीर्वाद. वि. वि.

मी लिही म्हणले होते. पिंड पाड म्हणले नव्हते.

कावळा लगेच शिवला म्हणतोस. मी त्याचाच विचार करून राहिले. तुझे दाजी गेले तेव्हा महिनाभर मायपाशी येऊन राहावं असं लई वाटलं होतं. तुमी कोणी राह म्हणलं न्हाई, मी मागितलं न्हाई. ती इच्छा त्या कावळ्याला काहून दिसली न्हाई? का शकूला काही हवं असतं हे त्यालाबी ठाऊक नव्हतं?

जाऊ दे. मी रागानं लिहून राहिले, राग उतरेल. पण मायला मी असं पडू देणार न्हाई. मी येते. तिच्या हाताला माझं तोंड लागलं की तिला कळेल. एक दिवस येते आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जाते. कधी येऊ ते लगेच कळव. उत्तराला उशीर करू नको, तिचं वय आता वाट बघायचं न्हाई.

तुझी
आक्का

*

।। श्री नागनाथ प्रसन्न ।।

हिवरखेडी
दि. ९ जानेवारी २०२६

तीर्थस्वरूप गं. भा. आक्का हिस,
रामकिशनचा शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर केला. जे लिहायचं होतं ते लिहावंसं वाटत नव्हतं.

आक्का, थोडं थांब. तुझं नाव निघालं, आमची दोघांची नावं वर पाठवली आहेत. पण यंदा तालुक्याला खोट्या नावांवरून बरीच आरडाओरड झाली, त्यामुळे अधूनमधून कोणीतरी गावात येऊन विचारपूस करून जातं. मागच्या आठवड्यात एकजण आला होता. त्यानं चावडीवर किशनरावांना विचारलं, ही शकू कोण होती? ते म्हणाले, मारोतीची थोरली. बिचारी लहानपणीच गेली. बोलताना त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं, आणि तो माणूस पुढे काही न विचारता गेला.

त्यांनी मला संध्याकाळी बोलावून सांगितलं की पैसे हाती पडेपर्यंत शकूला गावात आणू नको. तुझं रान जाईल ते जाईल, आमी पाच म्हातारे खोट्या सहीपायी कोर्टाच्या पायऱ्या चढू. त्यांचंही खोटं नाही.

माय एक वेळ जेवते. हिंगोलीच्या डॉक्टरला दाखवलं. तो म्हणाला, आजार काही नाही, जगायचं मन नाही. मी तिचा हात धरून रोज सांगतो की आक्का येणार आहे. ती माझ्या वरच्या ओठावरून बोट फिरवते. मिशी आता परत आली आहे, पण तिला त्याचं काही नाही.

तलावातला गाळ काढायला मार्चमध्ये सुरुवात होणार आहे. फक्त तोवर. तोवर मी तिला सांभाळतो, तू मला सांभाळून घे.

तुझा
रामकिशन

*

गोरेगाव
दि. २० फेब्रुवारी २०२६

चि. रामकिशन यास,
आशीर्वाद. वि. वि.

मी काल येऊन गेले. तुला ठाऊक न्हाई. ठाऊक असतं तर तू नको म्हणला असता, म्हणून कळवलं न्हाई.

राणीला सांगितलं, शिवरात्रीला गर्दीत दर्शन झालं न्हाई, आता औंढ्याला जाऊन येते. सकाळच्या जीपनं हिंगोली, तिथून औंढ्याची गाडी. आपल्या फाट्यावर उतरले न्हाई, अलीकडंच उतरले आणि ओढ्याच्या वाटेनं आले. हरभरा काढायला सगळं गाव शिवारात, तूबी मालनला घेऊन कोणाच्या तरी रानात मजुरीला गेलेला. आपलं रान वाटेतच लागलं. आत उतरून चालले. तू खरंच लिहिलं होतंस. पायाला खडे टोचले.

माहेरी मी तोंडावर पदर ओढून चोरासारखी शिरले. गल्लीत एक कुत्रं होतं, त्यानंबी ओळख दाखवली न्हाई.

माय भिंतीकडं तोंड करून होती. किती बारीक झाली रे. मी पाठीवर हात ठेवला तशी वळली. मी तिचा हात घेऊन माझ्या तोंडावर ठेवला. कपाळावर, नाकावर, कानाच्या भोकावर तिनं बोटं फिरवली आणि शकू म्हणली. दुसऱ्यांदा विचारावं लागलं न्हाई. मला वाटलं झालं, सुटले. आता तिला कळलं.

मग तिनं विचारलं, न्यायला आलीस का?

मी मान हलवली, न्हाई म्हणून. तिचा हात धरून माझ्या छातीवर दाबला, धडधड लागावी. तिनं बराच वेळ हात तिथंच ठेवला. मग म्हणली, तिकडंबी धडधडतं का गं? मी तिला चिमटा काढला, तिच्या हातानं मला काढून घेतला. गुळाचा खडा तिच्या तोंडात घातला, अर्धा मी खाल्ला. ती हसली. रामकिशन, मी किती दिवसांनी तिला हसताना बघितलं. ती म्हणली, मला भ्या वाटत होतं, एकलीला वाट कशी सापडायची? आता तू आलीस. चाल, किती वेळ हाय?

मी तोंड फाडून ओरडले, माय, मी जिती हाय. गल्लीत कोणी असतं तर ऐकलं असतं. तिला काय ऐकू येणार? ती माझा हात धरून उठायला बघत होती. पाय खाली सोडले होते तिनं.

तिचा तळवा माझ्या गालावर होता. ती पुन्हा म्हणली, नेशील ना? मी मान हलवली. व्हय म्हणून. तशी ती शांत झाली आणि आडवी झाली. माझं बोट धरून झोपली. लहान लेकरू झोपतं तशी.

मी उन्हं कलायच्या आत निघाले. ओढ्यात उतरताना समोरून किशनकाका आले, काठी टेकत. वाट एकच, दोघांना लपायला जागा न्हाई. मी पदर मागं सारला आणि काका म्हणून हाक मारली. ते थबकले. मला वाटलं रागवतील, कागदाचं काढतील. त्यांनी पायातल्या चपला काढल्या, वाट सोडून बांधावर चढले, आणि मी पुढं निघून जाईपर्यंत हात जोडून खाली मान घालून उभे राहिले. मी दुसऱ्यांदा हाक मारली न्हाई.

हे सगळं तुला कळावं म्हणून लिहिलं. मायला मी फसवलं का सोडवलं, ते तूच सांग. तू देवाचं जास्त वाचलेलं हाय.

तुझी
आक्का

*

।। श्री नागनाथ प्रसन्न ।।

हिवरखेडी
दि. ११ मार्च २०२६

तीर्थस्वरूप गं. भा. आक्का हिस,
रामकिशनचा शि. सा. न. वि. वि.

माय गेली हे फोनवर सांगितलं तेव्हा तू येते म्हणाली नाहीस. मीच नेलं का तिला, एवढंच विचारलंस. ते मला तेव्हा समजलं नाही. तुझं पत्र मी अस्थी गोळा करून आलो त्या दिवशी पोचलं.

तू येऊन गेलीस त्या संध्याकाळी आम्ही शेतातून आलो, तर माय उठून बसलेली. मालनला म्हणाली, शकू आली होती, मला न्यायचं म्हणली, मला न्हाऊ घाल. आम्हाला वाटलं भ्रम झाला. मालननं न्हाऊ घातलं, धुतलेलं लुगडं नेसवलं. मग तिनं पाण्याशिवाय काही घेतलं नाही. घ्यायची जरूर काय, निघायचं तर आहे, असं तोंडावर होतं. रविवारी सकाळी गेली. चेहऱ्यावर तकलीफ नव्हती. आणि उजवी मूठ अशी वळलेली, की न्हाऊ घालताना बायकांना ती उघडता आली नाही.

त्या बायकांनीच गावभर केलं, की शकू मायला घेऊन गेली. तुझ्या लग्नात ज्यांनी हळद दळली त्याही तेच बोलत होत्या. आणि किशनरावांनी तिरडी उचलताना सांगितलं, मी स्वतः बघितली तिला, भर दुपारी, ओढ्यात.

आक्का, मला ते सहन झालं नाही. तेरवीला पंगत बसली, ताटं वाढून झाली, आणि मी उभा राहिलो. म्हणालो, माझी बहीण जिती आहे. गोरेगावात आहे. त्या दिवशी ती मायला भेटायला आली होती, चालत आली आणि चालत गेली. तुम्ही सगळे तिला ओळखता. उद्या मी तहसीलला जाऊन शपथपत्र माघारी घेतो, अनुदान आलं तर माघारी देतो, शिक्षा मला होऊ दे. सगळे खाली बघत होते. कोणी म्हणालं नाही की तू खोटं बोलतोस. किशनराव उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, रामकिशन, ती माझ्या लेकीच्या बराबरीची. ती जिती असती तर मी तिला हात जोडले असते का? तिच्या पाठीवरून हात फिरवला असता. मी जोडले. आमी सगळे तिचं जेवलो. बस आता, अन्न निवतं.

पंगत जेवली. मीही बसलो.

पैसे त्याच आठवड्यात खात्यावर आले. मी हात लावलेला नाही. तलावाचा गाळ सुटला आहे, ट्रॅक्टरांची रांग असते, सगळे मला विचारतात तुझा नंबर कधी. काल मालनचा भाऊ आला होता. त्यांच्या सातबाऱ्यावरही तिचं माहेरचं नाव अडकलं आहे. तो ओसरीवर बसला, चहा घेतला, आणि मग म्हणाला, दाजी, तुमच्यात कसं केलं? मालन आत होती. तिनं ऐकलं. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते.

म्हणून लिहितो. माझ्या एकट्याच्या सांगण्यानं होत नाही. तू ये. चोरवाटेनं नको, फाट्यावर उतर. मी तिथे उभा राहतो, पुढे मी चालतो, मागून तू. चावडीवरून जाऊ, किशनरावांच्या दारात जाऊन बसू, त्यांच्या घरचं पाणी पिऊ. पिणाऱ्याला कोणी मेलं म्हणत नाही. मग तिथूनच तहसीलला जाऊ. रान खडक झालं तरी चालेल. माऊलीलाही मीच सांगतो.

तू विचारलंस, फसवलं का सोडवलं. मी खूप वाचलं असं तुला वाटतं. त्यात याचं उत्तर मला मिळालं नाही.

कधी येतेस ते कळव. लवकर कळव.

तुझा
रामकिशन

*

गोरेगाव
दि. १८ मार्च २०२६

चि. रामकिशन यास,
आक्काचे आशीर्वाद. वि. वि.

उद्या पाडवा. राणी पुरण शिजवून राहिली आणि मी ओसरीवर बसून लिहून राहिले. ती मला रोज विचारते, तुमची माय वारली तर तुमी काहून गेला न्हाई? मी पाय सुजल्याचं सांगते. पाय धड दिसतात, ती पायाकडंच बघते.

तू पंगतीत उभा राहिलास हे वाचून मला बरं वाटलं. बापूसमोर तुला कधी उभं राहता आलं न्हाई, गावासमोर राहिलास. तेवढं मला पुरलं. मालनला सांग, तिच्या भावाला न्हाई म्हणायचं असलं तर तिनं स्वतः म्हणावं, तोंडावर म्हणावं. माझ्यासारखं पत्रातून चेष्टा करत व्हय म्हणू नये. आणि पिंडाची गोष्ट निघाली तर त्याच दिवशी उठून इकडं निघून यावं, माझ्या घरात तिला जागा हाय.

पैसे माघारी देऊ नको. गाळ टाक. जाड टाक, बांधाच्या कडेला जास्त टाक, पाणी तिथूनच शिरतं. मायनं त्या रानात सारा जन्म घातला, ते खडक करून तिला काय मिळणार?

आणि मी येणार न्हाई. तू फाट्यावर उभा राहू नको. मी रागानं म्हणत न्हाई. किशनकाकांवर बी माझा राग न्हाई, म्हाताऱ्यानं चपला काढल्या माझ्यासाठी. तुला मला भेटावं वाटलं तर तू इकडं ये, मालनला घेऊन ये, इकडं चार दिवस राहा.

मी लई विचार केला. मायची मूठ उघडली न्हाई म्हणतोस. ती माझं बोट धरून गेली रे. मी आता चावडीवरून जिती चालत आले, लोकांनी बघितलं, काकांच्या घरचं पाणी पिले, तर मग माय कोणासंगं गेली? एकली गेली असं होईल. एकलीला वाट सापडायची न्हाई म्हणून ती भिऊन होती. मी तिला व्हय म्हणलेलं हाय.

उन्हात डोक्याला रुमाल बांधून हिंडत जा. दोघं जीवाला जपा.

तुझी
आक्का